कव्हराखालचा डाळिंबी सोफा

माझ्या ताईचा राग तुम्ही पाहिला नसेल, तर तुम्ही अजून काहीच पाहिलेलं नाही. एकदा ती दूधवाल्यावर भडकली तेव्हा त्याच्या कॅनमधलं दूध जागच्या जागी नासलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस त्याची म्हैस थेट दहीच देत होती. हे सांगितलं की लोक म्हणतात, मामा, पुरे झाल्या थापा. म्हणू देत. कोणी विश्वास ठेवत नाही याचा एक फायदा असतो. खरी गोष्ट भर चौकात ओरडून सांगितली तरी ती गुपितच राहते. म्हणून ही बिनधास्त सांगतो.

भाच्याने, म्हणजे ताईच्या मुलाने, घर रंगवायला काढलं. भिंतींना नवा रंग द्यायचा, हॉलमधल्या जुन्या फरशीवर नवी बसवायची. इथवर सगळे खुशीत होते. भांडण सुरू झालं ते रंग कोणता, या प्रश्नावर, आणि त्या भांडणाच्या मधोमध सोफा होता.

हा सोफा कोणी पाहिलेला नव्हता. म्हणजे बसायचे सगळे, पण कव्हरावर. घरात आला त्या दिवशीच ताईने त्याच्यावर कव्हर घातलं. ते मळलं की ती काढत नसे, त्याच्यावर दुसरं चढवत असे. फुलाफुलांच्यावर चौकटीचं, चौकटीच्यावर पट्ट्यापट्ट्यांचं. त्यामुळे सोफा वर्षागणिक अंगाने भरत गेला. आला तेव्हा तिघांचा होता, पुढे दोघांचा झाला, आणि आता एकजण बसला की दुसऱ्याला उभं राहावं लागे. त्याच्यावरून घसरून आमचे एक पाहुणे पार दारापर्यंत गेले आणि तसेच घरी निघून गेले, चहासुद्धा न घेता.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर "आता नीट दिसतंय का, आणि आता?" असं विचारून विचारून तिला न दिसणाऱ्या गोष्टीचा मनस्वी तिटकारा आलेला. ती शेडकार्ड मांडीवर घेऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, भिंतीचा रंग शेवटी ठरवतात. जे बदलणार नाही ते आधी बघायचं. पडदे बदलतील, फरशी बदलणारच आहे. सोफा तुम्ही बदलू देणार नाही. मग सोफ्यापासून सुरुवात करू. कव्हर काढा."

"कव्हर निघणार नाही."

"एक कोपरा दाखवा फक्त."

"सांगितलं ना, डाळिंबी आहे."

"डाळिंबीतही शंभर छटा असतात."

"मग शंभरातली जी चांगली असेल ती."

"अहो, पण बघितल्याशिवाय..."

"माझा शब्द पुरत नाही का तुला?" ताईचा आवाज चढला. भिंतीवरची पाल शेजाऱ्यांच्या भिंतीवर गेली. "या घरात मी रंग सांगितला आणि चुकला, असं एकदा तरी झालंय? विचार कोणालाही."

सूनबाई आवाज चढवत नाही. ती आणखी हळू बोलते, आणि ते जास्त झोंबतं. "नाही ना झालेलं. म्हणून तर बघू द्या. या घरात आल्यापासून मी पाहुणीसारखी कव्हरावर बसते आहे, आई. माझ्या घरातल्या सोफ्याचा रंग मला ठाऊक नाही. बाहेर कोणाला सांगितलं तर हसतील."

"हसू देत. सांग त्यांना, डाळिंबी आहे म्हणून."

भाचा दोघींच्या मध्ये उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तू तरी सांग. सोफा आला तेव्हा तू होतास ना?"

ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या शर्टाचं वरचं बटण आपोआप तुटून पडलं.

"डाळिंबी," मी म्हणालो. "एकदम डाळिंबी."

खरा रंग हिरवा होता. गर्द, शेवाळी हिरवा. मीच तो सोफा एका बाजूने धरून आत आणला होता, म्हणून मला माहीत.

आता हे असं का, ते सांगायला हवं. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, घरं रंगवायचे. नुसते रंगवायचे नाहीत, रंग बनवायचे. लोक त्यांना पारखी म्हणत. डब्यात चमचाभर हे, थेंबभर ते, आणि असा रंग निघायचा की भिंतीसमोर उभा राहिलेला माणूस कशाला आलो होतो तेच विसरायचा. त्यांच्या हाताखाली शिकलेले रंगारी अजूनही त्यांचं नाव घेताना कानाला हात लावतात.

आणि या पारखींना लाल आणि हिरवा यातला फरक कळत नव्हता. जन्मापासून. त्यांना दोन्ही सारखेच मातकट दिसायचे.

नजर ताईची होती. ते कामावर असले की ती जेवणाचा डबा घेऊन जायची आणि कोपऱ्यात स्टूलवर बसायची. भावोजी रंग मिसळायला लागले की तिला खोकला यायचा. एकदा खोकली की लाल घाला. दोनदा खोकली की हिरवा. घसा खाकरला की बास, हाच. लोक हळहळायचे. बिचारीला बारमाही खोकला, रंगाच्या वासाने असेल, तरी नवऱ्याचा डबा चुकवत नाही. तिला कोणी मधाची बाटली आणून द्यायचं, कोणी लवंग. ती ते सगळं रागाने घ्यायची आणि पुन्हा खोकायची. रंग जमला की वाहवा भावोजींची. याचा तिला कधी राग आला नाही. एवढ्या एकाच गोष्टीचा आला नाही, म्हणून लक्षात राहिलं.

स्वतःचं घर झालं तेव्हा तिने सांगितलं, सोफ्याला डाळिंबी कापड हवं. भावोजींना वाटलं, आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी काही निवडावं. ती माहेरी गेलेली असताना ते एकटेच दुकानात गेले, कापड निवडलं, सोफा मढवून घेतला, आणि गल्लीभर सांगत सुटले की असं डाळिंबी कापड कोणी पाहिलं नसेल. ताई परतली, दारात उभी राहिली, आणि तिने तो सोफा पाहिला. भावोजी म्हणाले, "बघ, तुझं डाळिंबी."

तिच्या तोंडावर जो राग आला तो मी आधीही पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. बाहेर जिन्यात शेजारणींच्या चपला वाजत होत्या. त्या सोफा बघायलाच येत होत्या. ताईने पलंगावरची चादर ओढली आणि सोफ्यावर टाकली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "मळेल. झाकलेलाच राहू दे."

मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "कुठे बोललास तर जीभ उपटीन."

भावोजी शेवटपर्यंत त्या कव्हरावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, खाली डाळिंबी आहे बरं का, मी निवडलेलं. ते गेले तेव्हा ताईचा खोकलाही गेला. लोकांना वाटलं रंगाचा वास थांबला म्हणून. उरलं ते त्यांचं नाव आणि तो सोफा. कव्हर निघालं की नाव गेलं, एवढं सरळ होतं.

आता कळेल, ताई कव्हराला का चिकटून बसली होती.

तिने डोकं लढवलं. म्हणाली, "सायीचा रंग द्या भिंतींना. फरशी साधी." साय कशावरही चालते, डाळिंबीवर आणि हिरव्यावरही. सूनबाईही कंटाळून हो म्हणायला आली होती. पण तेवढ्यात रंगारी आला.

हा भावोजींचा सगळ्यात लाडका चेला. आता स्वतःच म्हातारा झालेला, पण उस्ताद म्हटलं की डोळ्यात पाणी. तो सायीचा रंग ऐकून दुखावला.

"वहिनी, उस्तादांच्या घरात साय? डाळिंबीसमोर? उस्ताद काय म्हणायचे, आठवतं ना? डाळिंबीला पाठीमागे फिकट गुलाबी आणि पायाखाली काळ्या ठिपक्यांची पांढरी. हा नियम आहे."

हा नियम ताईचा होता. खोकून खोकून तिनेच तो घडवला होता. तो आता तिच्याच समोर उस्तादांचा म्हणून मांडला जात होता, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. तिच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती.

"मला गुलाबी नको," ती म्हणाली.

"का पण?" भाच्याने विचारलं. "बाबांचाच नियम आहे. तूच म्हणतेस ना, त्यांची नजर चुकत नाही."

"चुकत नाही."

"मग?"

"मग लावा गुलाबी," ताई ओरडली. "लावा, छतालाही लावा, मलाही लावा. माझं कोण ऐकतंय इथे?"

तर हॉल गुलाबी झाला. रंगारी दुसरा हात मारताना गुणगुणत होता. सोफा मध्ये प्लास्टिकखाली बसून होता आणि ताई त्याच्यावर बसून होती, राखणीला. तिच्या चपलांवर गुलाबी थेंब पडले, पण उठली नाही.

मग फरशीवाला आला. हा माणूस कोणाचंच ऐकत नाही, कारण टाइल्स कापून कापून बहिरा झाला आहे. त्याने काळ्या ठिपक्यांच्या पांढऱ्या टाइल्स सोफ्याच्या पायांपर्यंत कोरड्याच मांडून पाहिल्या, आणि म्हणाला, "सोफा बाहेर काढा. हॉल रिकामा झाल्याशिवाय मी सिमेंट कालवणार नाही."

चौघांनी सोफा उचलला आणि दारापाशी नेला. तो दारात शिरेना. आडवा केला, उभा केला, तिरका केला. आत आला तेव्हा शिडशिडीत होता, आता कव्हरं खाऊन खाऊन दाराच्या दीडपट झाला होता.

"कापू का?" फरशीवाल्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मशीनची वायर सोडवायला लागला.

"सोफ्याला हात लावलास तर तुझ्या मशीनने तुझीच मिशी कापीन," ताई म्हणाली. हे मात्र त्याला ऐकू गेलं.

"आई, कव्हरं काढू," भाचा म्हणाला. "दुसरा इलाज नाही."

"दार मोठं करा."

"आई."

"भिंत पाडा. नाहीतरी गुलाबी झालीच आहे."

"आई, बास," भाचाही आता पेटला. शांत माणूस आहे, पण तो तिचाच मुलगा. "लहानपणापासून ऐकतोय, हात लावू नको, पाय वर घेऊ नको, कव्हर सरकवू नको. बाबांनी एक सोफा निवडला, आणि मी तो पाहिलेला नाही. आता त्याच्यासाठी भिंत पाडायची? माझ्या बाबांचा सोफा आहे. मी बघणार."

आणि त्याने वरच्या कव्हराला हात घातला.

ताई त्याला अडवायला उठली, पण मध्ये दारात अडकलेला सोफा. ती हॉलच्या बाजूला, तो जिन्याच्या बाजूला. पट्ट्यापट्ट्यांचं निघालं. चौकटीचं निघालं. फुलाफुलांचं निघालं, त्याखाली एक निघालं ते मलाही आठवत नव्हतं. मधे मधे हरवलेल्या वस्तू सापडत होत्या: एक कंगवा, रिमोट, भाच्याची लहानपणीची चड्डी, आणि शेजाऱ्यांची एक मांजर, तीही जिवंत, आणि फार नाराज. रंगारी हात जोडून उभा होता. उस्तादांनी स्वतः निवडलेलं कापड. त्याने आयुष्यभर याच दिवसाची वाट पाहिली होती.

शेवटी चादर निघाली.

सोफा हिरवागार. भिंती गुलाबी. खाली पांढऱ्यावर काळे ठिपके, बियांसारखे. सगळा हॉल म्हणजे कापून ठेवलेलं कलिंगड झाला होता.

"डाळिंबी?" भाचा म्हणाला.

रंगाऱ्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याच्या तोंडावरचं काहीतरी हळूहळू घसरायला लागलं. "उस्ताद तर सांगायचे," तो पुटपुटला. "त्या सोफ्यावर बसून सांगायचे, माझ्यासमोर. डाळिंबी आहे म्हणून. मग उस्तादांना..."

त्याचं वाक्य पुरं झालं असतं, तर दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं. जेवढे म्हणून पारखींचे चेले होते, ज्यांच्या ज्यांच्या घरांना त्यांचा रंग होता, सगळीकडे.

"मी बदललं," ताई म्हणाली.

सगळे वळले.

"काय बघताय? त्यांनी डाळिंबीच आणलं होतं. मी दुकानात जाऊन ते बदलून आणलं. मला वाटलं, जास्त गडद डाळिंबी आणतेय. मला नाही कळत रंग. लाल काय, हिरवा काय, मला सगळं मातीसारखंच दिसतं. जन्मापासून. झालं समाधान? त्यांनी बघितलं, एका शब्दाने बोलले नाहीत. लोकांना डाळिंबीच सांगत राहिले, माझी लाज राखायला. म्हणून झाकून ठेवला."

ती हे इतक्या रागाने म्हणाली की खरंच वाटलं. मलाही क्षणभर.

रंगाऱ्याच्या डोळ्यांतून धार लागली. "असे होते उस्ताद," तो म्हणाला. "बायकोची चूक जन्मभर अंगावर घेतली. आणि वहिनी, तुम्ही एवढी वर्षं त्या कोपऱ्यात बसून होता, आणि तुम्हाला आमच्या रंगातलं काहीच दिसत नव्हतं? अरेरे."

"हो," ताई दात खात म्हणाली. "अरेरे."

भाचा कव्हरं हातात घेऊन उभा होता. मग हळूच म्हणाला, "आई, इतकी वर्षं तू मला शर्टांचे रंग निवडून दिलेस. मग ते?"

"नशीब तुझं," ताई म्हणाली.

सूनबाई ताईकडे बघत होती, दुकानात लोकांकडे बघते तशी, दिव्याच्या पलीकडून. मला भीती वाटली, ही आता काहीतरी विचारणार. तिने विचारलं नाही. खाली वाकून मांजर उचलली आणि शेजाऱ्यांना देऊन आली.

सोफा सडपातळ होऊन दारातून सहज बाहेर गेला. फरशी बसली. आता गुलाबी भिंतींचा प्रश्न उरला. फरशी काढता येत नाही, सोफा बदलायचा नाही, भिंत मात्र परत रंगवता येते. तेव्हा पुन्हा शेडकार्ड आलं.

या वेळी ताईला कोणी विचारलं नाही. विचारणार कसं, तिला तर रंग कळत नाहीत. भाचा तिच्याशी आता हळुवार बोलतो. रंगारी तर मोठ्याने आणि सावकाश बोलतो, जणू ती बहिरी आहे. "वहिनी, हा जो आहे ना, याला म्हणतात पो-प-टी. झाडाच्या नव्या पानासारखा. झाड माहीत आहे ना?"

ताई खुर्चीवर बसून उकळत होती. ज्या बाईने त्याला पोपटी करायला शिकवलं, खोकून का होईना, तिला तो झाड दाखवत होता. राग गिळताना तिच्या घशातून जो आवाज येत होता तो प्रेशर कुकरच्या शिट्टीच्या आधी येतो तसा. मीसुद्धा मुठी आवळून बसलो होतो. मला वाटत होतं, उठावं आणि सांगून टाकावं. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार.

"पोपटीच करू," भाचा म्हणाला. "हिरव्यावर हिरवं. झाकून जाईल सगळं."

"थांब जरा," सूनबाई म्हणाली.

तिने खिडकी उघडली, शेडकार्ड उजेडात धरलं, ताईच्या समोर. बोट एका रंगावर ठेवलं आणि पुढे सरकवायला लागली. हळूहळू. ती कार्डकडे बघतच नव्हती, ताईच्या तोंडाकडे बघत होती.

पोपटीवर बोट आलं. ताईने ओठ घट्ट मिटले. बोट तिथेच थांबून राहिलं, मग भाच्याकडे वळून ती म्हणाली, "हाच घेऊ मग? चारही भिंतींना?"

ताईला खोकला आला.

एकदाच. सुका, रागीट, जुना खोकला. कितीतरी वर्षांनी ऐकला मी तो. सूनबाईने त्या बारमाही खोकल्याची नुसती गोष्ट ऐकली होती.

सूनबाईचं बोट पोपटीवरून उचललं गेलं आणि कार्डाच्या तांबूस बाजूला गेलं. मातकट, मग गव्हाळ, मग किंचित जास्त लालसर. तिथे ताईला परत खोकला आला, पण दोनदा. बोट थोडं मागे आलं. भाजलेल्या मातीसारखा एक फिकट रंग होता, हिरव्याच्या शेजारी ठेवला तर हिरवा उजळेल असा. ताईने घसा खाकरला.

"हा," सूनबाई म्हणाली.

रंगाऱ्याने कार्ड घेतलं, सोफ्याला लावून पाहिलं, दोन पावलं मागे सरकून परत पाहिलं. मग कानाला हात लावला. "उस्तादांची नजर सूनबाईंकडे आली बघा. त्यांच्या रक्ताची नाही, तरी आली."

"आई, तुझा खोकला परत सुरू झाला वाटतं," भाचा काळजीने म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊया का?"

"राहू दे," सूनबाई कार्ड मिटत म्हणाली. "अजून आतल्या खोल्या राहिल्यात."

ताईने तिच्याकडे पाहिलं. चांगलं रागाने, डोळे वटारून. सूनबाईनेही पाहिलं. दोघींपैकी एकीनेही नजर खाली केली नाही. मग ताई गर्रकन माझ्याकडे वळली.

"तू काय दात काढतोस, थापाड्या? पाणी आण. दिसत नाही, खोकला झालाय मला?"